तिबेटातली गोदावरी आणि सोलापूरचा तलाव

तिबेटात एक गोदावरी आहे असं म्हटलं तर नाशिककर आणि पैठणकर दोघंही एकजुटीने भांडायला उठतील. पण आहे, मंडळी. फक्त ती नदी नाही, डोंगर आहे. नेपाळच्या सीमेला लागून लाप्ची नावाचा एक बर्फाळ, दुर्गम मुलूख आहे. अकराव्या-बाराव्या शतकातला तिबेटी योगी मिलारेपा तिथल्या गुहांमध्ये ध्यानाला बसायचा. तिबेटी साधक या लाप्चीला 'गोदावरी' मानतात, आणि हे काही शतकं चालत आलं आहे.

हा काय प्रकार? चक्रसंवर नावाची बौद्ध तंत्रपरंपरा आहे. तिच्यात भारतभरच्या चोवीस पीठांची यादी येते. त्यात जालंधर आहे, रामेश्वर आहे, मालव आहे आणि आपली गोदावरीही आहे. गंमत म्हणजे ही चोवीस ठिकाणं साधकाच्या शरीरातही आहेत असं ही परंपरा सांगते. गोदावरी कुठे? तर डाव्या कानात! म्हणजे ज्याला प्रवास परवडत नाही त्याने मांडी घालून बसावं आणि आतल्या आत यात्रा करावी. तिबेटी लोकांनी यात तिसरी सोय केली. भारतातली ठिकाणं लांब, वाट जीवघेणी, खाली उतरलं की उन्हाने आणि तापाने माणूस मरायचा. मग त्यांनी ती पीठं आपल्याच डोंगरांत वसवली. कैलास म्हणजे हिमवत, लाप्ची म्हणजे गोदावरी आणि आग्नेयेकडचं त्सारी म्हणजे चारित्र.

आमच्या धंद्यात याला मिरर साइट म्हणतात. मूळ सर्व्हर दूर असतो, कनेक्शन हळू असतं, कधी तो बंदच पडतो. मग सगळा माल उचलून जवळच्या यंत्रावर ठेवायचा आणि लोकांना म्हणायचं, इथून घ्या, तेच आहे. साधारण १२०० च्या सुमारास नालंदा-विक्रमशिला मोडली, म्हणजे मूळ सर्व्हर गेला. मिरर राहिला. आज कितीतरी संस्कृत बौद्ध ग्रंथ फक्त तिबेटी भाषांतरात मिळतात ते यामुळेच.

आता प्रश्न असा की ज्या विद्येचं नावच 'गुह्य', ती एका अख्ख्या समाजाला आकार कशी देते? मूठभर लोकांनी बंद दाराआड करायच्या गोष्टी. सामान्य शेतकऱ्याचा, याक चारणाऱ्या गुराख्याचा तिच्याशी काय संबंध?

याचं पाठ्यपुस्तकी उत्तर वरच्या मजल्यावरचं आहे. आधी तेच बघू.

वज्रयानात पोथी वाचून काही मिळत नाही. भाषा मुद्दाम आडवळणाची, अर्थ गुरूने सांगायचा. गुरूने 'अभिषेक' दिल्याशिवाय मंत्र म्हणायचा अधिकारही नाही. त्यामुळे गुरू ही व्यक्ती आपोआप सगळ्याच्या मध्यभागी येते. गुरूकडे दक्षिणा येते, दक्षिणेतून मठ उभा राहतो, मठाला जमीन मिळते. नवव्या शतकाच्या मध्यात तिबेटी साम्राज्य कोसळलं. त्यानंतर मध्यवर्ती राजा असा उरलाच नाही, आणि ती पोकळी हळूहळू या मठांनी भरली. १०७३ मध्ये साक्य मठ स्थापन झाला. पुढे तिथलाच फाग्पा हा लामा कुब्लाई खानाचा गुरू झाला. त्याने खानाला हेवज्र तंत्राचा अभिषेक दिला, आणि परंपरा सांगते की खानाने गुरुदक्षिणेत मध्य तिबेटातले तेरा परगणे दिले. अभिषेकाची फी म्हणून देश! असा कन्सल्टंट जगाच्या इतिहासात दुसरा झाला असेल असं वाटत नाही :-)

दुसरी अडचण वारसाची. गुरू ब्रह्मचारी असेल तर गादी कुणाला? साक्य घराण्याने काकाकडून पुतण्याकडे असा मार्ग काढला. कर्मपा परंपरेने मात्र तेराव्या शतकात वेगळीच युक्ती केली. गुरू मेला की तोच पुन्हा जन्म घेतो, त्याला शोधून काढायचं. कर्म पाक्शी (१२०४-१२८३) याला आधीच्या गुरूचा पुनर्जन्म मानलं गेलं आणि ती पद्धत पुढे सगळीकडे रुजली. १६४२ मध्ये पाचवे दलाई लामा मंगोलांच्या मदतीने तिबेटचे सत्ताधीश झाले ते याच वाटेने. चौदाव्या दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार २०११ मध्ये सोडले. म्हणजे तंत्रातल्या गुरुशिष्य नात्यातून निघालेली राज्यव्यवस्था एकविसाव्या शतकापर्यंत या ना त्या रूपात टिकली.

हे झालं राजे आणि लामांचं. पण मला जास्त रस आहे तो त्या डोंगरांत. कारण साध्या माणसाच्या वाट्याला अभिषेक आला नाही, सत्ता तर नाहीच नाही. त्याच्या वाट्याला आला तो बदललेला नकाशा. घराजवळचा डोंगर एकदम तीर्थ झाला. त्याची प्रदक्षिणा सुरू झाली, प्रदक्षिणेच्या वाटेवर धर्मशाळा आल्या, बाजार आले, गावागावांच्या ओळखी झाल्या. त्सारीची मोठी प्रदक्षिणा दर बारा वर्षांनी व्हायची, अगदी आपल्या सिंहस्थासारखी, आणि हजारोंनी लोक जायचे.

आणि बघा, यालाही विरोध झालाच. तोही मोठ्या माणसाकडून. साक्य पंडित (११८२-१२५१) हा त्या काळातला तिबेटातला सर्वात विद्वान माणूस, फाग्पाचा काका. त्याने लिहून ठेवलं की ग्रंथांतला हिमवत म्हणजे हा आपला कैलास नव्हे, आणि ज्याला अभिषेक नाही, साधना नाही, त्याने अशा पीठांना जाऊन काही उपयोग नाही. ग्रंथाच्या दृष्टीने त्याचं बरोबरही असेल. लोकांनी ऐकलं नाही. ते जात राहिले. गुह्य विद्येचं सार्वजनिक तीर्थ असं झालं, पंडिताच्या नाकावर टिच्चून.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माणसाने शनिवारची सुट्टी घालवून तिबेटची उठाठेव कशाला करावी? तर त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं की हा माल काही अंशी आपल्याकडचाच आहे. वेरूळचं बारावं लेणं, ते तीन मजली 'तीन ताल', आपण शाळेच्या सहलीत धावतपळत बघतो आणि कैलास लेण्याकडे पळतो. ते सातव्या-आठव्या शतकातलं तांत्रिक बौद्ध लेणं आहे. मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व, असा मंडलाचा आराखडाच तिथे दगडात कोरलेला आहे. कोकणात दापोलीजवळ पन्हाळेकाजीची लेणी आहेत. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी ती अभ्यासकांच्या नजरेला आणली. तिथे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराची महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती सापडली. आणि त्याच लेण्यांमध्ये पुढे नाथपंथी आले. त्यांनी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष कोरले, चौऱ्याऐंशी सिद्धही कोरले. घर तेच, भाडेकरू बदलले.

हे चौऱ्याऐंशी सिद्ध तिबेटातही आहेत. तिथल्या यादीत गोरक्ष आहे, मीननाथ आहे. कोळी, चांभार, विणकर, कुंभार, राजा, चोर असे सगळे त्या यादीत एका रांगेत बसतात. बौद्ध आणि शैव तांत्रिक एकमेकांशी भांडत होते आणि एकमेकांचं उचलतही होते. आणि गोरक्ष-गहिनीनाथ-निवृत्तिनाथ अशी परंपरा स्वतः ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली आहेच. म्हणजे तिबेटच्या मठातल्या पटचित्रात आणि आळंदीच्या गुरुपरंपरेत काही नावं सामाईक आहेत. एवढं नातं पुरे.

दुसरं कारण म्हणजे आमचे सिद्धरामेश्वर.

बाहेरच्यांसाठी थोडी ओळख. बाराव्या शतकात आजच्या सोलापूरच्या जागी सोन्नलगे नावाचं गाव होतं. (सोलापूर म्हणजे सोळा गावं, ही गोष्ट आम्ही सगळे लहानपणी ऐकतो. पण अभ्यासकांचा कल जुन्या 'सोन्नलगे' या नावाकडे आहे, आणि मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात 'सोनलिपूर' असं नाव येतं.) या गावी मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मले. तेराव्या शतकातल्या राघवांक या कन्नड कवीने त्यांचं काव्यमय चरित्र लिहिलं. त्यातली गोष्ट अशी की गुरं राखणाऱ्या या अबोल पोराला एक जंगम भेटतो, खायला मागतो आणि नाहीसा होतो. पोरगा त्याच्या मागे थेट श्रीशैलला जातो, मल्लिकार्जुनाचं दर्शन घेतो आणि परत गावी येतो. सिद्धराम योगी होते आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यांच्या वचनांतली मुद्रा. त्यांच्या जन्माचं भाकीत ज्या रेवणसिद्धांनी केलं असं सांगतात, ते वीरशैवांचे आचार्य आणि मराठी नवनाथांमधले रेवणनाथही. सीमेवरच्या गावात देवांनाही दोन भाषा येतात!

सिद्धराम बौद्ध नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. ते शैव. तिबेटशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण श्रीशैलहून परतल्यावर त्यांनी काय केलं ते बघा आणि लाप्चीची गोदावरी आठवा.

परंपरेनुसार त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली. अडुसष्टच का? तर भारतभर शिवाची अडुसष्ट तीर्थं मानली जातात. ती सगळी त्यांनी पाच कोसांच्या आत आणली. शिवाय आठ दिशांना अष्टविनायक आणि अष्टभैरव. कागदावर काढून बघा: मध्ये एक देव, भोवती आठ-आठ राखणदार, मग लिंगांचं कडं. वेरूळच्या बाराव्या लेण्यात जो आराखडा भिंतीवर आहे, त्याच जातीचा आराखडा इथे जमिनीवर उतरला. फरक एवढाच की मंडल साधक मनात धरतो आणि त्यात शिरायला अभिषेक लागतो. सोलापूरच्या मंडलात शिरायला पाय लागतात. ज्याला काशी-रामेश्वर परवडत नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि मजुराला अडुसष्ट तीर्थं एका फेरीत.

साक्य पंडित इथे असता तर त्याने इथेही हरकत घेतली असती. गंमत म्हणजे इथेही एक साक्य पंडित आला. त्याचं नाव अल्लमप्रभू.

कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने अडीच-तीन तासांवर. तिथे बसवेश्वरांची चळवळ भरात होती आणि अल्लमप्रभू तिथले सर्वात निर्भीड ज्ञानी. ते सोन्नलगेला आले तेव्हा सिद्धराम लोकांना घेऊन तलाव खणत होते. पुढे पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात त्यांची भेट रंगवली आहे. अल्लमांनी आल्या आल्या त्यांना 'वड्डराम' म्हणून डिवचलं. वड्डर म्हणजे आपल्याकडचे वडार, माती-दगड खणणारे. म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर, योगी म्हणवतोस आणि गवंड्याची कामं करतोस? देवळं, तळी बांधून मोक्ष मिळतो का? आत बघ. शिष्य भडकले, दगड मारायला धावले अशीही कथा आहे.

अल्लमांचा मुद्दा पोकळ नव्हता. पुण्य जमा करण्यासाठी केलेलं बांधकाम हा अहंकाराचाच एक मजला असतो. सिद्धरामांना तो मुद्दा पटला, ते कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली आणि पुढे अल्लम आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर 'शून्यसिंहासना'चे अधिपतीही झाले. म्हणजे आतलं शिखर त्यांनी गाठलं.

पण तलाव बुजवला नाही!

मला या सगळ्या कथेतली ही गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. वाद झाला, वादात अंतर्मुख बाजू जिंकली, आणि तरी तळं राहिलं. सोलापूर अवर्षणप्रवण. इथे पावसावर भरवसा ठेवणारा माणूस फसतो हे बाराव्या शतकातही खरं असणार. पाणी होतं म्हणून वस्ती टिकली, वस्ती होती म्हणून पेठ झाली, पुढे बहमनी काळात भुईकोट किल्ला उभा राहिला तोही तळ्याला खेटूनच. सिद्धरामांची समाधी त्याच तळ्यातल्या देवळात आहे. शून्याच्या सिंहासनावरचा माणूस शेवटी पाण्याच्या मधोमध येऊन बसला.

तिबेटातही असाच एक वड्डराम झाला. थांगतोंग ग्याल्पो, पंधराव्या शतकातला महासिद्ध. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'रित्या माळाचा राजा'. यातला 'तोंग' म्हणजेच शून्य. लोक त्याला वेडा म्हणत. कारण हा योगी गुहेत बसायचं सोडून नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधत हिंडायचा. १४३० मध्ये त्याने ल्हासाजवळ क्यीछू नदीवर पूल बांधला, १४४४ मध्ये त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेवर. लोखंडासाठी भूतानातल्या पारोपर्यंत गेला. पैसे उभे करायला त्याने गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा काढला आणि त्यातून तिबेटी संगीतनाटक जन्मलं, असं तिथली परंपरा मानते. तिथले नट आजही त्याला आद्यपुरुष मानतात. आणि त्याचे साथीदार कोण, तर लोहार. तिबेटी समाजात लोहार खालचे, विटाळाचे समजले जात. आपल्याकडे वडार, तिकडे लोहार. योग्याला साधना एकट्याने करता येते. पूल किंवा तळं करायचं म्हटलं की ज्यांना गावाच्या कडेला ठेवलंय त्यांच्यापाशी जावंच लागतं. विद्या कितीही गुह्य असो, खोदकाम उघड्यावरच होतं आणि ते कोण करतंय हे सगळ्यांना दिसतं.

आता थोडी कडू गोष्ट. आपण आपल्या गावाचं कौतुक करताना ती गाळतो, म्हणून मुद्दाम.

संक्रांतीच्या सुमारास आमची गड्डा यात्रा असते. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, त्याला आम्ही यण्णीमज्जन म्हणतो. (अभिषेक शब्द तोच. तिकडे बंद दाराआड, इकडे भर रस्त्यात.) दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम. सात उंचच्या उंच नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते पेलून नेतात. ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटलेले आहेत. त्यांत माळी आहेत, विश्वब्राह्मण आहेत, मातंगही आहेत. हे लग्न कुणाचं? कथा अशी की एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला. योग्याला लग्न कसं करता येणार? मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. दर वर्षी तेच लग्न लागतं. आणि होमाच्या दिवशी त्या कुंभारकन्येची प्रतिकृती अग्नीला अर्पण होते.

सगळ्या समाजांना मान मिळाला, देवाला लग्न मिळालं, आणि त्या मुलीला? तिचं नावही आपण 'कुंभारकन्या' एवढंच ठेवलं. तिबेटातही वेगळं नाही. तंत्रग्रंथ स्त्रीला प्रज्ञा म्हणतात, तिचा अपमान हा महापातक मानतात. पण भिक्षुणीची पूर्ण दीक्षा देणारी परंपरा मध्ययुगीन तिबेटात रुजलीच नाही. बायका बहुतेक करून श्रामणेरीच राहिल्या. कल्पनेत देवी आणि व्यवहारात उंबऱ्याबाहेर, हे दोन्हीकडे जमलं. नकाशा बदलणाऱ्यांनी हा भाग बदलला नाही. यात्रेत मी अक्षता टाकतो, पण होमाच्या दिवशी हा प्रश्न मनातून जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

तर मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे. गुह्य विद्येने समाज घडवला तो तिच्यातल्या गुपितांनी नाही. गुपितं ज्यांच्याकडे होती त्यांना सत्ता मिळाली, आणि सत्ता येते नि जाते. साक्य लामांची तेरा परगण्यांवरची पकड शंभर वर्षंसुद्धा धड टिकली नाही. टिकलं ते सिद्धांनी चारचौघांत आणून ठेवलेलं: एक डोंगर, एक पूल, एक तळं, पायी फिरता येईल अशी अडुसष्ट ठिकाणं.

आज सिद्धेश्वर तलाव शहराच्या मधोमध आहे आणि शहर उजनीच्या पाण्यावर. त्यातही वर्षानुवर्षं आमच्याकडे नळ काही दिवसांआड येत आलेला आहे. पाणी आलं की नातेवाइकांचे फोन सुद्धा लोक उचलत नाहीत, एवढं सांगितलं म्हणजे बाहेरच्यांना कल्पना येईल. ज्या गावाचा ग्रामदैवत तळं खणणारा आहे, त्या गावाने तळ्याकडे फक्त देवळाचं आवार म्हणून बघावं हे काही बरं नाही.

आणि तो 'वड्डराम'? वडार, म्हणजे कर्नाटकात ज्यांना भोवी म्हणतात, तो समाज आज सिद्धरामांना आपला गुरू मानतो. दर जानेवारीत त्यांची जयंती होते. अल्लमांनी हिणवायला वापरलेला शब्द खणणाऱ्यांनी उचलला आणि आपलं नातं म्हणून सांगितला. शून्यसिंहासनाचा अर्थ त्यांनी विचारला नसेल. हातात फावडं घेतलेला योगी मात्र त्यांनी बरोबर ओळखला.